धुक्यात कडा ओळखण्याची रीत

ऑगस्ट अर्धा सरला होता. बोटीत मावलं ते असं :
पेट्रोलचे दोन डबे, हॅलिबटचा रिकामा खोका,
दोरीनं आवळलेली माझी बॅग,
आत्यानं बांधून दिलेलं सीलचं सुकं मांस,
आणि वडील, एनोक,
जे सबंध बोटीहून जास्त जागा खात
आणि सबंध फियॉर्डहून कमी बोलत.

आमच्या वस्तीतली शाळा आठवीला संपते.
पुढची शहरात, पाण्यावरून एक रात्र.
शहर म्हणजे बाराशे माणसं, दोन दुकानं, एक इस्पितळ.
किनाऱ्यावरची कुत्री भुंकलीसुद्धा नाहीत.
उन्हाळ्यात साखळीला बांधलेली कुत्री
माशाशिवाय कुणाचीच वाट बघत नाहीत.

उशिरा सूर्य कड्यामागे गेला,
आणि या खेपेला खरंच गेला.
एप्रिलनंतरचा पहिला तारा मी आधी पाहिला, बोट दाखवलं.
वडिलांनी मान हलवली,
उसनं दिलेलं काहीतरी परत आल्यासारखी.

पाण्यात बर्फाचे तुकडे तडतडत होते,
तव्यावरच्या चरबीसारखे.
मग धुकं.
पलीकडचा डोंगर गेला, मग वल्ह्याचं टोक,
मग वडिलांची टोपी.

इंजिन बंद.
होकायंत्र आमच्याकडं आळशी. ध्रुव जवळ, म्हणून
गरगरत राहतं, बसायला जागा शोधणाऱ्या
म्हाताऱ्या कुत्र्यासारखं.
"हाक मार," वडील म्हणाले.
"कुणाला?"
"स्वतःला."

बोलेट्टे!
"मोज."
एक. दोन. तीन. चा–
…ट्टे
"हा कडा. लांब आहे. आता डावीकडं तोंड कर."
बोलेट्टे!
ए–
…ट्टे. कोरडं, अंगावर आल्यासारखं.
"हिमनग," ते म्हणाले, आणि वल्हं उलटं मारलं.

हे नाव माझ्याआधी त्यांच्या आईचं.
ती फेब्रुवारीत गेली, मी मे महिन्यात आले,
आणि आमच्यात नाव रिकामं ठेवत नाहीत.
म्हणून वडील मला आई म्हणतात.
आई, नाक पूस. आई, झोप आता.
आत्या तर मला अजून सुनावते,
सहाव्या वर्षी तू मला विनाकारण मारलंस म्हणून.
मी माफी मागते. तेही रीतीतलंच.

ती आजी शहरातल्या त्याच इस्पितळात गेली.
त्या महिन्यात बर्फ कुत्र्यांना पेलेना
आणि बोटीला वाटही देईना.
वडील किनाऱ्यावर अकरा दिवस उभे होते.
हे मला पुष्कळ वर्षांनी आत्यानं सांगितलं.
त्या रात्री मी नुसती ओरडत होते,
मोजत होते, पुन्हा ओरडत होते,
घसा बसेपर्यंत.

मग वडिलांनी हाक मारली.
गरज नव्हती. धुकं विरलं होतं,
कड्यावरच्या पक्ष्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ दिसत होते.
तरी मारली. बोलेट्टे!
पुन्हा मारली. मोजलं नाही.
दोन्ही कडे आळीपाळीनं ट्टे, ट्टे करत राहिले
आणि ते ऐकत राहिले, तोंड उघडं ठेवून,
थंडीत दात दुखतात तरी.

हाताच्या अंतरावरून मी म्हणाले,
"ओ."

ते दचकले.
थर्मासचं झाकण काढलं, अर्धी कॉफी मला दिली.
तेरा वर्षांच्या मुलीला कुणी कॉफी देत नाही.
आईला देतात.

सकाळी धक्क्यावर डिझेलचा वास.
त्यांनी बॅग उचलून वर ठेवली, खोका मात्र परत नेला.
"आई," म्हणाले, "इथं जेवत जा."
आणि थोडं थांबून, "खिडकीजवळची खाट माग."

इंजिनाचा आवाज मी चाळीसपर्यंत मोजला.
वसतिगृहातल्या बाईनं वही उघडून नाव विचारलं.
मी अगदी हळू सांगितलं.
तिनं पुन्हा विचारलं.