सहा बावन्नची फेरी

आमच्या गच्चीवर पाटी आहे:
‘येथे वाळवण घालू नये. हुकुमावरून.’
अँटेनाबद्दल काही लिहिलेलं नाही.

ती मी घरीच केली. शिंप्याची नव्हे, गवंड्याची मोजपट्टी कापून पाती,
पाण्याच्या पाइपाचा दांडा, डाग दिलेली एक वायर.
टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं डाग देण्यातच गेली,
हात अजून विसरलेले नाहीत.

सहा बावन्न.
दुसऱ्या मजल्यावरची तस्नीम दांडा धरते
कात्रजच्या डोंगराकडे रोखून.
आधी नुसती खरखर,
तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी.
मग त्या खरखरीच्या पोटातून
टिक-टॉक, टिक-टॉक.
‘आला,’ ती म्हणते, जिन्यात पाहुण्याची चप्पल वाजावी तशी.

आठशे किलोमीटर उंचीवरून
एक म्हातारा उपग्रह
खाली जे दिसतं ते सांगत चाललाय,
सेकंदाला दोन ओळी,
कुणी ऐकतंय का याची चौकशी न करता.

लॅपटॉपवर पृथ्वी ओळीओळीनं विणली जाते.
समुद्र. बराच वेळ समुद्रच.
मग लंका, मग केरळची किनार.
दक्षिणेकडून येतो, म्हणून चित्र उलटं:
लंका डोक्याशी, हिमालय पायथ्याला.
मी सरळ करत नाही.

आणि अंधार पडलाय,
म्हणजे हा उजेडाचा फोटोच नाही.
हा उबेचा.
ढग गार म्हणून पांढरे,
दख्खन अजून कोमट म्हणून करडं.

बेलसरे वर येतात. हातात सभेचा ठराव.
‘गच्ची सामायिक आहे, बाई.’
‘हो ना,’ म्हणते, आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवते.
चष्मा शोधतात. कपाळावरच असतो.
‘हे उलटं आहे.’
‘कुणीकडून?’

मग टाकीच्या कठड्यावर टेकतात.
‘आपण कुठे?’
चार किलोमीटरचा एक ठिपका, मी सांगते.
ह्या एकात पर्वती, तळजाईची झाडं, आपली बिल्डिंग,
तुमचा ठराव,
खाली रसाळांच्या कुकरची तिसरी शिट्टी.
सगळ्यांची ऊब मिळून
एकच छटा.

बेलसरे स्क्रीनला बोट लावत नाहीत.
जरा अलीकडेच धरतात,
झोपलेल्या बाळाचं नाक दाखवावं तसं.
‘ही कर्वे रस्त्याच्या दवाखान्यात आहे.
सोमवारपासून.
ती ह्यात येत नसेल.’
‘शेजारच्या ठिपक्यात.’
‘शेजारच्या,’ ते म्हणतात.
पुन्हा एकदा, हळू: ‘शेजारच्या.’

तस्नीमचा हात भरून आलाय.
दांडा आता शिवाजीनगरच्याही पलीकडे, उत्तरेला झुकलेला,
टिक-टॉक विरत जाते
आणि हिमालय यायच्या आतच
चित्राची कड फाटते, उरते खरखर.
खाली रिक्षा, कुणाचं तरी दार.
वर काहीच नाही. एखादी चांदणी, तीही बेताची.

ठरावाची प्रत बेलसऱ्यांनी दिलीच.
सही घेतली, पोच म्हणून.
मागच्या कोऱ्या बाजूवर
मी उद्याची वेळ लिहून ठेवली आहे:
सहा सव्वीस. उंची बाहत्तर अंश.