नियंत्रण गट

तळाशीलला एका अंगाला खाडी, एका अंगाला समुद्र,
मधल्या वाळूत एकसष्ट घरं आणि माझी यादी.

प्रश्न चौदा : स्वयंपाक कशावर?
प्रश्न पंधरा : धूर कुठून बाहेर जातो?
सुहासिनी कुबल कौलांकडे बघते.
"जाता मगे खंय तरी."
'खंय तरी'ला रकाना नाही.

मितेशचा सदरा वर करून मी घड्याळ धरते.
पूर्ण एक मिनिट. तीस सेकंदांची दुप्पट नाही,
प्रशिक्षणात हे तीनदा सांगितलं होतं.
बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते, सुटते,
पाटीतल्या शेवटच्या जित्या माशाच्या कल्ल्यासारखी.
अठ्ठेचाळीस.
हात पेन शोधतो. चिठ्ठी आधी, फॉर्म नंतर.

मग शेजारी.
लोचना खोबरेकरची पोर, तेवढ्याच महिन्यांची, ठणठणीत.
वजन, उंची, दंडाचा घेर, तेच चाळीस प्रश्न.
सुहासिनी कुंपणाशी येऊन उभी :
"आजारी माजो झील,
आणि मोजतंस तिच्या चेडवाक?"

तुलना लागते, मी म्हणते.
चूल तीच, कौलं तीच, सुकटीचा वास तोच,
तरी एकाची छाती भरते, एकीची नाही.
का, ते शोधायचंय.

"गावला काय सांगशीत?"
सांगू. दोन वर्षं तरी लागतील.

ती बोटांवर काहीतरी मोजते.
"तवसर ह्यो चार वर्षांचो होतलो."
थांबते.
"होतलो मा?"

चिठ्ठी तिच्या मुठीत देते.
चल, सर्जेकोटची होडी सुटेल,
पोराला मी घेते.