राखीव घोडा

नऊ गाढवं तंबू वाहतात, दोन खेचरं गॅसची नळकांडी,
आणि सगळ्यांच्या मागे, पाठीवर कुणालाच न घेता,
लुसेरो. कपाळावर चांदणी, म्हणून हे नाव.
खोगीर कसलेलं, रिकिबी वर बांधलेल्या,
खाली सासूने विणलेली घोंगडी,
कडेला एक टाका चुकलेला.

पाहुणे पहिल्या दिवशी विचारतात, हा कुणाचा?
माझा नवरा एउसेबियो टोपी मागे सारून म्हणतो,
"अजून कुणाचाच नाही."

हसतात. फोटो काढतात.
चौथ्या दिवशी कुणाचा गुडघा सुजला की
लुसेरोकडे बघायची नजर बदलते,
उसनं मागायला आलेला माणूस
दुसऱ्याच्या कणगीकडे बघतो तशी.

सहाव्या रात्री मी पाणी ठेवायला उठले.
तिसऱ्या तंबूतून आवाज आला,
तळाशी उरलेलं सूप गदगदावं तसा.
मी स्वयंपाकीण, मला वाटलं शेगडी चालू राहिली.
शेगडी नव्हती. वाउटर होता.
नेदरलँडमध्ये कालव्याची दारं उघडणारा-मिटणारा,
समुद्राच्याही खालच्या गावात जन्मलेला माणूस
साडेचार हजार मीटरवर, हुआयवाशच्या कुशीत,
स्वतःच्याच छातीत बुडत होता.

रुफिनोने पिवळा फोन आभाळाकडे धरला.
कुठल्याशा शहरात, जिथे तेव्हा उजाडलेलं होतं,
एका गोड आवाजाने विचारलं,
पॉलिसी क्रमांक? जन्मतारीख?
सगळ्यात जवळचा रस्ता?
रुफिनो म्हणाला, परवा.
मागचा परवा की पुढचा,
हे आवाजाने विचारलं नाही.
हेलिकॉप्टर मिळेल, म्हणाला. सकाळी. ढग उठले तर.

एउसेबियोने वर पाहिलंच नाही.
त्याने तंग आवळला.

वाउटरला आम्ही बटाट्याच्या पोत्यासारखं बांधलं.
पाठीशी रुफिनो, पायाशी मी,
पुढे लगाम आणि एक बॅटरी, तीही मिणमिणती.
तो त्याच्या भाषेत आकडे मोजत होता,
मध्येच चुकायचा, पुन्हा एकपासून.
दुसऱ्या ओढ्याशी लुसेरो थांबला.
एउसेबियोने चाबूक काढला नाही,
कारण काठावर बर्फाचा पातळ पापुद्रा होता
आणि तो फक्त घोड्यालाच दिसला होता.

मला त्या काळोखात माझा दीर आठवला, फाउस्तिनो.
हेच खोरं, छातीत हाच आवाज.
त्याच्यापाशी सांगायला क्रमांक नव्हता,
आणि लुसेरो त्या आठवड्यात खिंडीपलीकडे होता,
अकरा पाहुण्यांच्या मागे,
रिकामा.
एउसेबियोही त्याच्यासोबतच होता.
आम्ही दोघं हे एकमेकांशी बोलत नाही.

खाली उतरता उतरता आकडे लांबत गेले.
चाळीस. पंचावन्न. नव्वदला त्याने पाणी मागितलं.

वाइयापातात पोचलो तेव्हा कोंबडे आरवत होते.
शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरलं,
तोसिया बाईंचं वाळत घातलेलं सगळं उडालं,
पोरं परकरांमागे धावली.
डॉक्टर तरुण होता, लिमाचा. कागद पुढे केला.
उड्डाणाची मिनिटं. ऑक्सिजनचे लिटर.
स्ट्रेचर, सुया, हातमोजे.
"इथपर्यंत कशाने आणलं?"
एउसेबियोने बोट दाखवलं.
डॉक्टरने कागद वरून खाली पाहिला,
मग उलटून मागची बाजू पाहिली.

वाउटर घोंगडी सोडेना.
मुठी उघडायला कुणाला वेळ नव्हता,
तशीच गेली ती, चुकलेल्या टाक्यासकट,
ढगांच्या वर.

आता आम्ही परत चढतोय, बाकीचे वर थांबलेत.
लुसेरोची पाठ सोलवटू नये म्हणून
खोगिराखाली माझी शाल दुमडून घातली आहे.
वारा सुटलाय.
मी त्याच्या उबेला, त्याच्या घामाला
चिकटून चालते.