टक्स

मालवणहून मासळीच्या टेम्पोतून आली,
बर्फाच्या पेट्यांवर आडवी, जुन्या चादरीत.
पहाटे उद्यमनगरच्या कोपऱ्यावर ड्रायव्हर म्हणाला,
तुमचं मढं उतरून घ्या ओ मिस्त्री.
साडेसात फूट. एका टोकाला चोच,
पोटाखाली तीन पंख, त्यातला एक गायब.

बस्त्यावचा फोन येऊन गेलेला, देवबागहून:
माझ्या खानावळीची दारं तुम्ही केलीत,
सात वर्षं खारा वारा खाऊन एक पापुद्रा सुटला नाही.
लाटेवरच्या या फळीलाही तसंच सागाचं कातडं चढवा.
मी म्हटलं, दार उभं असतं, बस्त्यावभाऊ.
हिच्यावर काय करायचं, निजायचं की उभं राहायचं?
आधी निजायचं, मग उभं राहायचं, तो म्हणाला.
म्हणजे कुस्तीच्या उलट.

पाण्याशी माझी ओळख एवढीच:
पंचगंगा चढली की फुगलेला प्लाय,
रद्दीच्या भावानं विकलेली थप्पी.

काचेची साल खरवडली. आतला फोम पिवळा,
आणि शेपटाजवळच्या चिरेत एक थेंब.
फळी भिंतीला उभी केली, खाली पितळी वाटी.
नऊ दिवस ठिबकत होती.
दहाव्या दिवशी वाटीच्या काठाला पांढरी रेघ.
कोणी बघत नाही बघून चाखली.
एकसष्ट वर्षांत मी समुद्राकडं तीनदा गेलो,
त्यातलं एकदा मेहुणीच्या लग्नाला.
तो माझ्याकडं आला, हे पहिल्यांदाच.

फोमच्या पाठीवर दोन खळगे होते,
वीस वर्षं त्याचे गुडघे टेकून टेकून पडलेले.
फोन करून विचारलं, भरू का?
पलीकडं नुसतं वारं वाजत राहिलं.
मग म्हणाला, आता रोझाली चढणार आहे. भरा.

व्हिनियर म्हणजे अर्ध्या मिलीमीटरचं झाड.
एका ओंडक्याचे लगतचे दोन पापुद्रे
वही उघडावी तसे उघडले, मधोमध सांधा,
रेषा डावीकडून निघून उजवीकडं परत येणाऱ्या.
दारावर ते निमूट झोपतं.
हिच्या उतारावर झोपेना.
चोचीपाशी चुणी. गरम इस्त्री, ओलं फडकं,
दोन पापुद्रे फाटले, शिव्या संपल्या.

शेजारची हमीदाबी तालमींचे लंगोट शिवते.
चहाचा कप घेऊन आली, मान वाकडी करून बघत राहिली.
मिस्त्री, गोलाईवर कापड सपाट बसत न्हाई.
टक्स घ्या की.
आणि खडूनं दोन रेघा मारल्या तिनं सागावर,
ब्लाउजावर मारतात तशा.
मी चाळीस वर्षं रंधा मारतोय.
कापलं. बसलं.

मग अख्खी फळी प्लास्टिकच्या पिशवीत,
भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर उलटा जोडून
आतली हवा ओढून घेतली.
पिशवी आवळत गेली,
रात्रभर घरघर. मी बाकड्यावर आडवा,
तासातासाला उठून टिचकी मारून ऐकायचं:
पोकळ वाजलं की मेलं.
नाही वाजलं.

तिसरा पंख उरलेल्या तुकड्यांतून केला,
त्याच्या रेषा जुळत नाहीत, मुद्दाम नाही.
वर कापड, रेझिन, पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा रेझिन.
साग ओला झाल्यासारखा दिसायला लागला.

पाठवायच्या आदल्या पहाटे कळंब्यावर नेली.
थंडी. धुकं पाण्याला चिकटलेलं.
लुंगी खोचून पोटावर निजलो,
बुडाली नाही, मी घाबरलो ते वेगळं.
लाट कुठून यायची तिथं?
तेवढ्यात पलीकडच्या काठानं तीन म्हशी उतरल्या,
आणि त्यांनी केलेली वीतभर लाट
सावकाश माझ्या खालून गेली.
उभं राहायचं मनात आलं होतं.
राहिलो नाही.

टेम्पो परत जाताना गुळाच्या ढेपा नेतो.
त्यांच्यावर ठेवली. ड्रायव्हरनं विचारलं, ही कोण?

बस्त्याव दोनदा विचारून बसला, किती झाले?
हिशेब काढायला बसतो आणि अडतो.
साग, रेझिन, वीज, सगळं मांडता येतं.
खडूच्या दोन रेघांचे किती लावायचे,
तेवढंच कळेना झालंय.