रुजू तारीख

मकरपुऱ्याच्या कारखान्यात, टाइम ऑफिसच्या खिडकीत
मी एकतीस वर्षं बसलो.
माझं अक्षर चांगलं. बडोद्याच्या आमच्या शाळेत
वळणाला वेगळे मार्क असत.
त्या वळणावर काकांनी मला इथे चिकटवलं,
आणि मी चिकटलो.

माझ्याकडे हजेऱ्या दोन.
एक बांधीव, लाल कापडी पाठीची, पानांवर छापील आकडे,
पान फाडलं तर जाब द्यावा लागेल अशी.
तिच्यात माणसाचं नाव, बापाचं नाव, पीएफचा नंबर,
आणि मेल्यावर पैसे कुणाला.
दुसरी, जसुभाई ठेकेदार खिशातून काढायचा ती चिठ्ठी.
कधी कॅलेंडरची पाठ,
कधी सिगारेटच्या पाकिटाची चंदेरी बाजू:
*आज सतरा.*

त्या सतरांतला एक रमसंग राठवा.
छोटाउदेपूरकडचा, प्रेस नंबर चार.
शेजारी पाच नंबरवर कनुभाई परमार, परमनंट.
झाकणं तीच, ठोका तोच,
तेलसुद्धा एकाच डब्यातलं.
कनुभाईला कावीळ झाली तेव्हा दीड महिना
त्याचा पगार त्याच्याआधी कामावर येत होता.
रमसंगला ताप आला की सतराचे सोळा व्हायचे
आणि दुपारच्या भोंग्याआधी परत सतरा.

एकदा पाळी सुटल्यावर तो खिडकीशी आला.
म्हणाला, ताम्हणेभाई,
तुमच्या लाल चोपडीत माझं नाव कसं दिसेल?
चोपडीत कसं लिहिणार.
मी टीपकागदाचा कोपरा फाडला,
नवी निब होती, सावकाश लिहिलं:
राठवा रमसंग नानजी.
आणि खाली, हाताच्या सवयीने, तारीख.
त्याने फुंकर मारून वाळवलं,
चार घड्या घातल्या,
खिशात ठेवलं.

पुढे नऊ वर्षं चिठ्ठ्याच.

चौदा मार्चला, सकाळी दहा-वीसला,
चार नंबर दोनदा बसला.
उजव्या हाताची दोन बोटं.
अंगठा वाचला.
अंगठा वाचला म्हणून फॉर्म भरता आला.

जसुभाई माझ्या टेबलाशी उभा, हातात चहाची बशी.
म्हणाला, कार्ड नसेल तर ईएसआयवाले हात लावणार नाहीत,
त्याच्याच भल्याचं आहे, लखी नाखो.
खोटं नव्हतं ते.
मी लाल हजेरी उघडली.
रिकामी ओळ होतीच एक, जणू ठेवलेली.
रुजू तारीख: चौदा मार्च. वेळ: सकाळी आठ.
अपघात: चौदा मार्च. वेळ: दहा-वीस.
अकरा वर्षं राबलेला माणूस
माझ्या सुंदर अक्षरात
दोन तास वीस मिनिटांचा झाला.

संध्याकाळी गोरव्याच्या दवाखान्यात गेलो,
पेरू घेऊन. पेरू कापणार कोण, हे डोक्यात आलं नाही.
तो म्हणाला, लिहिलं म्हणे माझं नाव?
मी म्हटलं, लिहिलं.
मग डाव्या हाताने चाचपत चाचपत
त्याने उशीखालच्या शर्टातून तो टीपकागद काढला.
घडीच्या रेघांवर विरलेला, प्रेसच्या तेलाने पिवळा,
पण नाव होतं.
नावाखाली तारीख होती.
नऊ वर्षांपूर्वीची, माझ्या हातची,
कुठल्याही कोर्टात ओळखू येईल अशी.

असंच आहे ना चोपडीत? त्याने विचारलं.

त्याला तेव्हा सांगायला हवं होतं
की रमसंग, हा कागद घेऊन युनियनकडे जा,
की तुझं सगळं आयुष्य पुराव्यानिशी
या एवढ्याशा तुकड्यावर आहे,
की हा जसुभाईच्या नजरेला पडू देऊ नकोस,
आणि माझ्याही.

मी घड्या होत्या तशा घातल्या.
कागद त्याच्या डाव्या मुठीत परत दिला.
म्हटलं, हुबेहूब.
म्हटलं, छान जपलंस.