हाल्वरची तीन नाणी

अंजनेरीच्या पायथ्याशी, ट्यूबलाइटखाली
गायधनीबाईंनी मांडली रुमालावर तीन नाणी,
म्हणाल्या, प्रेसमध्ये चौतीस वर्षं डोळे कोरलेत ना तुम्ही,
मग सांगा, कसा होता हा माणूस.

हाल्वर. बर्फाकडचा राजा.
वंशावळीत एका ओळीपुरता:
सतरा वर्षं गादीवर, बुडून मेला.

मी भिंग लावलं.

पहिलं जड. चांदी अशी
की दाताखाली धरून बघावी.
चेहरा पोरगेला, मिशीचा पत्ता नाही,
मुकुट कानांवर उतरलेला, थोरल्याचा असणार.
ओठ मात्र ठसेकऱ्यानं जीव लावून कापलेत.
आवडत होता त्याला हा पोर.

दुसरं पातळ, काठ कुरतडलेले.
लढाई झाली असेल, किंवा दोन हिवाळे लागोपाठ.
चांदीत तांबं शिरलंय,
दाढी आलीय, चार रेघांत उरकलेली,
डोळ्याच्या जागी नुसतं टिंब.
कारागीर तोच, वळण लपत नाही,
पण पगार थकलाय त्याचा.
आमचा गांगुर्डे असंच करायचा,
बोनस अडला की रेघ उथळ.

तिसऱ्यावर चेहराच नाही.
नव्या धन्याचा क्रूस, तोही तिरका,
आणि क्रूसाखालून जुन्याचं नाक वर आलेलं,
पूर ओसरताना दुतोंड्या मारुती
आधी डोक्यानं दिसू लागतो, तसं.

बाई म्हणाल्या, जोगलटेंभीला हेच.
नहपानाच्या गालावर सातकर्णीचा ठसा,
पुरतं पुसायला वेळ कुणाला होता?

कुणी बुडवलं त्याला? भावानं?
की होडीच कुजकी होती?
ते नाण्यावर नसतं.
नाण्यावर आहेत सुरीचे टोचे, तिन्हींवर,
पहिल्यावरसुद्धा, त्या कोवळ्या ओठांच्या कडेला.
मासे विकणारी कुणी असेल.
राजा नवा असो, जुना असो, मेलेला असो,
तिनं आधी टोचून पाहिलं
आणि मग मासा दिला.

परतीच्या एसटीत, सातपूरच्या अलीकडे,
कंडक्टरनं माझी विसाची नोट
खिडकीच्या उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली,
म्हणाला, काका, दुसरी द्या.

आमच्याच कारखान्याची होती.
मी खिसे चाचपत राहिलो.