मापाला मोठा

पोरगी वाढेल म्हणून दोन मापं मोठा घेतला होता दोबोक,
पांढरा, जाड, धुतला की पत्र्यासारखा वाळणारा.
संयुक्ता दोन महिने गेली, मग म्हणाली, नको.
फी सहा महिन्यांची भरलेली.
कापड वाया घालवणं आमच्या घरात कुणाला जमत नाही,
आम्ही मागावरची माणसं.
एका रात्री मोरीला कडी लावून अंगात घालून बघितला.
बाह्या बरोबर. कंबरसुद्धा.
वय वर्षं चव्वेचाळीस.

वडगावात, येळ्ळूर रस्त्याला, रेशन दुकानाच्या माडीवर क्लास.
खाली रांगेत ओळखीच्या दोघीतिघी.
"कुठं गं, गाठोडं घेऊन?"
"रफू करायला," म्हटलं.
अगदीच खोटं नव्हतं ते.

वर चौदा पोरं आणि मी.
सगळ्यांत मागं उभी केली मला,
उंचीनं नव्हे, पट्ट्यानं.
माझ्या पुढं रेहान मकानदार, दुसरीतला,
पिवळा पट्टा, पुढचे दोन दात नाहीत.
त्याला वाकून नमस्कार करायचा.
केला की.

पट्ट्याची गाठ काही बसेना.
दिवसाला शंभर तुटक्या तारा सांधते मी,
लाइट गेली तरी चुकत नाही बोट,
आणि ही प्रत्येक उडीला सुटून पायात.
शेवटी रेहाननं बांधून दिली,
जिभेचं टोक बाहेर काढून.

हाना, दुल, सेत, नेत.
इरय्या सर मोजतात कोरियनमध्ये,
रागावतात कन्नडमध्ये, "काल म्याले! इन्नू म्याले!"
आणि माझ्यापाशी आले की मराठी,
तीही पुस्तकातली: "ताई, प्रथम गुडघा, नंतर पाऊल."
पाटीवर कुठली ओळ वर असावी
यावरून काचा फुटलेल्या बघितल्यात मी, दोनदा.
हाना-दुलवरून अजून कुणी मोर्चा काढलेला नाही.
इथं सगळ्यांचीच 'दासोत' चुकते.

सासऱ्यांच्या खड्डामागाला पावड्या होत्या,
तेव्हा पाय राबायचे.
यंत्रमाग आले, पायांना काम उरलं फक्त उभं राहायचं.
सोळा वर्षं उभे होते.
उचला म्हटल्यावर
आधी विश्वासच बसला नाही त्यांचा.

मग सर म्हणाले, आवाज.
लाथेबरोबर आवाज हवा, पोटातला.
पोरं ओरडली, पिल्लं चिवचिवावीत तशी.
माझी पाळी आली.
घरी मला सगळे म्हणतात, हळू बोल, इथं माग चालू नाही.
म्हणून हळू बोलायला लागले मी,
पुढं पुढं कमीच.
पाय उचलला आणि तोंडातून निघालं:
"तार तुटलीऽऽ!"

खालची रेशनची रांग गप्प झाली.
पोरं गादीवर लोळली हसून हसून.
सर हसले नाहीत.
"अद," म्हणाले. "अद बेकु."
मग मराठीत,
"पुन्हा. परंतु शब्द नको."

आता तिसरा महिना.
लाथ माझ्याच कमरेपर्यंत पोचते,
म्हणजे रेहानच्या नाकापर्यंत. तो म्हणतो, पुरे.
पोटरीला बाम लावून कामाला जाते,
तोच बोटांना, बोटांचा ताण्याला.
कुठं तरी कुणी बाई नवी साडी हुंगून
चक्रावेल, हा वास कसला.

संयुक्ता येते बरोबर.
खाली पायरीवर बसते माझ्या चपला सांभाळत,
मोबाईल बघत, मी बसायचे तशीच.
परवा मान वर न करता म्हणाली,
"आई, खालून तुझा आवाज वेगळाच येतो."
"मोठा?"
"मोठा नव्हे."
तिसऱ्या गल्लीपर्यंत शब्द शोधत राहिली.
पिशवीतून पट्टा लोंबत होता,
तो तेवढा तिनं आत सारला.